एसी द्यायला देणगीदार तयार, गच्ची मात्र गळकी

प्रश्न : आमची शाळा ऐरोलीत आहे. तळमजला अधिक तीन मजले, बांधकाम १९८९चं. तिसऱ्या मजल्यावरच्या चार वर्गांत मार्चपासून मुलांना बसवत नाही. पावसाळ्यात त्याच वर्गांच्या छताला ओल येते. गेल्या जुलैत आठवी-ब मध्ये पंख्याच्या हुकाशेजारचा गिलावा बाकावर पडला. मधली सुट्टी होती म्हणून निभावलं. एक माजी विद्यार्थी या चार वर्गांना एसी आणि फॉल्स सीलिंग करून द्यायला तयार आहेत. होकार द्यावा का?
– एक मुख्याध्यापिका, ऐरोली

उत्तर : बाई, पैसे जरूर घ्या, पण एसीला नाही म्हणा, आणि फॉल्स सीलिंगला तर हात जोडून नाही म्हणा.

पडलेला तुकडा कुणी जपून ठेवला असेल तर त्याची वरची बाजू बघा. तिथे सळईची तांबूस पन्हळ उमटलेली असेल तर तो गिलावा नव्हे, स्लॅबचं काँक्रीट आहे. सळई गंजली की फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून देते. त्यात तुमची शाळा खाडीकाठची, खाऱ्या दमट हवेतली. सीलिंगच्या पाट्या लागल्या की हे सगळं झाकलं जाईल आणि पुढचा तुकडा थेट पाटीसकट खाली येईल.

तेव्हा पहिलं काम स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी. ३० वर्षांवरच्या इमारतीला ते महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे सक्तीचंच आहे. महापालिकेकडे नोंदणी असलेला अभियंता बोलवा आणि त्याच्याबरोबर स्वतः फिरा. तो हातोडीने छत वाजवेल. बद आवाज आला की आत काँक्रीट सुटलंय असं समजायचं. मग एखाद्या कॉलमचा टवका काढून ताज्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडेल. गुलाबी रंग आला तर काँक्रीट अजून आम्लारिधर्मी आहे, म्हणजे सळईला गंजापासून कवच आहे. रंग आलाच नाही तर तेवढ्या खोलीपर्यंत कवच संपलं. आम्ल-आम्लारी शिकणारी आठवी-बची मुलं त्या वेळी जरूर तिथे उभी करा.

दुरुस्तीत ठेकेदार वरवर मॉर्टर थापून मोकळा होऊ नये. गंजलेल्या सळईच्या मागपर्यंत काँक्रीट काढायचं, सळई घासून तिला गंजरोधक लेप द्यायचा, फार झिजली असेल तर जोड सळई टाकायची, आणि मगच पॉलिमर मॉर्टर (चिकट रसायन मिसळलेला सिमेंटचा मसाला). संडासांखालचे स्लॅब विसरू नका, शाळांमध्ये सगळ्यात कुजलेलं काँक्रीट तिथेच सापडतं.

आता गच्ची. जुना कोबा (गळती रोखायला विटांचे तुकडे आणि सिमेंटचा घातलेला थर) ठेवून त्यावर नवा टाकू, असं तुम्हाला हमखास सुचवलं जाईल, कारण तोडफोड वाचते. ऐकू नका. चार-पाच इंच वीटकोब्याचं वजन चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भरतं. गंजलेल्या स्लॅबवर ते चढवायचं? जुना काढा, नवा नीट उतार देऊन घाला, वर पांढरे चायना मोझॅक, म्हणजे चिनीमातीच्या फरश्यांचे तुकडे, बसवा. दोन-तीन दिवस पाणी साठवून खाली गळत नाही ना ते बघा आणि मगच शेवटचा हप्ता द्या. ऊन आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये अगदी डोक्यावरून येतं, त्यामुळे वरच्या मजल्याची उष्णता मुख्यतः छतातूनच उतरते. गच्ची पांढरी झाली की तुमचा निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

खिडक्यांबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुमच्या इमारतीच्या काळातल्या शाळांना अनेकदा मूळ लाकडी झडपांच्या खिडक्या असतात आणि दुरुस्तीच्या नावाखाली तिथे ॲल्युमिनियमच्या सरकत्या येतात. सरकती खिडकी कितीही सरकवा, अर्धीच उघडते. दमट हवेत वारा हेच औषध, आणि आपण तोच निम्मा करतो. बाहेर उघडणारी झडप, वर उघडं ठेवता येईल असं व्हेंटिलेटर आणि पश्चिमेला खोल छज्जा, एवढंच मागा. जुना पंखा ७५ वॉटचा, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) साधारण ३० वॉटचा. वर्गाला चार पंखे धरले तर एका वर्गामागे वर्षाला २५० युनिटच्या आसपास वाचतील.

एसीचा हिशेब देणगीदारांपुढे असा मांडा. बसलेला माणूस १०० वॉटच्या आसपास उष्णता देतो. मुलांची थोडी कमी धरली तरी ५५ मुलांचे पाच किलोवॉट होतात, आणि दीड टनाच्या एसीची ताकद सव्वापाच किलोवॉट. म्हणजे एक एसी नुसत्या मुलांवरच खर्ची पडला. छतासाठी दुसरा हवा. चार वर्गांचे आठ एसी, मंजूर वीजभार वाढवायचा, वायरिंग बदलायचं, शिवाय खिडक्या बंद. साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच फिरवतो. पाचव्या तासाला मुलं पेंगतील ती वेगळीच.

खरी अडचण मला ठाऊक आहे : गच्चीवर देणगीदाराचं नाव वाचायला कोण जाणार? तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात चांगली ठसठशीत पाटी लावा.

आणि मे महिना फक्त कामाला ठेवा. ऑडिट दिवाळीनंतर, निविदा मार्चपर्यंत. स्लॅबखाली टेकू लागतील तेव्हा खालचे वर्गही रिकामे लागतात.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या गच्चीवर सौर पॅनल आधी बसवावेत की वॉटरप्रूफिंग आधी करावं?
– एक प्राध्यापक, वाशी

उत्तर : वॉटरप्रूफिंग. पॅनल २५ वर्षं टिकतात. पाचव्या वर्षी गळती लागली तर सगळा सांगाडा उतरवावा लागेल. किलोवॉटला १० चौरस मीटर जागा धरा, रोजचे सरासरी चार युनिट. नेट मीटरिंगमुळे, म्हणजे जास्तीची वीज वीज कंपनीला देऊन ती बिलात वळती करून घेता येत असल्यामुळे, मे महिन्याच्या सुट्टीतली वीजही वाया जात नाही. सांगाड्याचे पाय कोब्यात खिळे ठोकून बसवू देऊ नका. काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभे करा, आणि त्या ठोकळ्यांचं वजन अभियंत्याला आधी कळवा.