बिनतारी माईकचा आवाज मध्येच का तुटतो?

प्रश्न : आमच्या गावी (ता. गंगाखेड, जि. परभणी) दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह होतो. यंदा समितीने वर्गणीतून चार बिनतारी माईक घेतले. कीर्तनकार महाराजांसाठी एक कॉलर माईक, गायनाचार्यांसाठी दोन हँड माईक आणि सूत्रसंचालनासाठी एक हँड माईक, अशी त्यांची वाटणी केली. दुपारी रिकाम्या मंडपात तपासणी केली तेव्हा चारही माईक उत्तम चालले. रात्री कीर्तन रंगात आल्यावर मात्र महाराज टाळकऱ्यांकडे वळले की त्यांचा आवाज तुटू लागला, आणि गायकांनी आपापले माईक सुरू केले की महाराजांच्या माईकमध्ये खरखर येऊ लागली. डब्यावर ८० मीटर रेंज छापलेली आहे आणि साउंडचा टेबल मंचापासून फार तर ३० मीटरवर होता. दोष कशात आहे, आणि माईक परत करावेत काय? — सप्ताह समितीचा एक कार्यकर्ता

उत्तर : परत करण्याची घाई करू नये. आपल्या पत्रात दोन स्वतंत्र तक्रारी आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत, म्हणून त्या एकेक करून पाहू.

पहिली तक्रार आवाज तुटण्याची. डब्यावरची रेंज ही मोकळ्या मैदानात, ट्रान्समीटर (माईकचा आवाज रेडिओ लहरींनी पाठवणारी डबी; हँड माईकमध्ये ती दांड्यातच असते) आणि रिसीव्हर (त्या लहरी पकडणारे यंत्र) यांच्यामध्ये काहीही आडवे नसताना मोजलेली असते. आपल्या मंडपात या दोहोंच्या मध्ये शेकडो श्रोते बसलेले होते. माणसाच्या शरीरात पाण्याचे प्रमाण मोठे असल्याने या माईकच्या रेडिओ लहरी शरीरात शोषल्या जातात. दुपारच्या रिकाम्या मंडपात जी तपासणी उत्तीर्ण होते ती रात्रीच्या गर्दीत नापास होते, ती बहुधा याच कारणाने. त्यात महाराजांचे स्वतःचे शरीर आलेच. ट्रान्समीटर कमरेला मागच्या बाजूस लावलेला असेल आणि रिसीव्हर समोर श्रोत्यांच्या पलीकडे असेल, तर महाराज श्रोत्यांकडे तोंड करून उभे असतानाही लहरींना त्यांच्या अंगाला वळसा घालावा लागतो. पुढच्या बाजूस लावलेला असेल तर ते टाळकऱ्यांकडे वळले की तीच गत होते. आपल्या वर्णनावरून तो पुढे लावलेला असावा.

यावर उपाय एकच आणि तो जवळजवळ फुकटचा आहे : रिसीव्हर साउंडच्या टेबलावरून उचलून मंचाच्या बाजूला न्यावा. हवेतले अंतर शक्य तितके कमी ठेवावे आणि उरलेले अंतर वायरने पार करावे, हा या सगळ्या यंत्रणेचा गाभा आहे. रिसीव्हरच्या मागील बॅलन्स्ड एक्सएलआर (तीन पिनांच्या, वायरीतला गोंगाट रोखणाऱ्या) आउटपुटमधून टेबलावरच्या मिक्सरपर्यंत ५० मीटर केबल टाकली तरी आवाजात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. तेवढेच अंतर गर्दीच्या डोक्यावरून हवेतून कापायचे म्हटले तर मात्र सगळा भरवसा नशिबावर. अनेक साउंडवाले रिसीव्हर स्वतःजवळ ठेवतात, कारण त्यावरचे दिवे समोर दिसतात. ही सोय समजण्यासारखी आहे, पण तिची किंमत कीर्तनाला मोजावी लागते.

मंचाच्या बाजूला ठेवतानाही काही पथ्ये आहेत. रिसीव्हर ॲम्प्लिफायरच्या लोखंडी रॅकमध्ये किंवा टेबलाखाली ठेवू नये. स्टँडवर, बसलेल्या आणि उभ्या माणसांच्या डोक्यांपेक्षा उंच, म्हणजे साधारण दोन मीटरवर ठेवावा. दोन्ही ॲंटेना इंग्रजी व्ही अक्षरासारख्या, एकमेकींशी काटकोनात उघडाव्यात. महाराजांपासून अंतर किमान तीन मीटर असावे, कारण ट्रान्समीटर अगदीच जवळ आला तर रिसीव्हरवर लहरींचा मारा जास्त होतो आणि त्यातूनही बिघाड संभवतो. रिसीव्हर मंचाच्या ज्या अंगाला असेल, त्याच अंगाला महाराजांच्या कमरेचा ट्रान्समीटर असावा. मग ते श्रोत्यांकडे तोंड करून असोत वा थोडे बाजूला वळोत, त्यांचे शरीर आड येण्याचा प्रसंग क्वचितच येईल.

दोन ॲंटेना कशासाठी असतात, हेही येथे सांगणे आवश्यक आहे, कारण आपला मंडप पत्र्याचा किंवा लोखंडी पाइपांचा असण्याची शक्यता मोठी आहे. ६०० मेगाहर्ट्झ वारंवारितेच्या, म्हणजे सेकंदाला ६० कोटी कंपने होणाऱ्या, लहरीची लांबी ५० सेंटिमीटर असते. थेट आलेली लहर आणि पत्र्यावर आपटून परतलेली लहर काही जागी एकमेकींना पूरक ठरतात, तर काही जागी एकमेकींना मारतात, आणि अशा दोन मृत जागांमधले अंतर सुमारे पाव मीटर असू शकते. त्यामुळे महाराज अभंगाच्या चरणावर अर्धे पाऊल पुढे सरकले की आवाज गेला आणि मागे आले की परतला, असा प्रकार घडतो व साउंडवाला उगाचच पिन हलवत बसतो. दोन ॲंटेनांपैकी एक मृत जागेत असली तरी दुसरी बहुतेक वेळा नसते, आणि रिसीव्हर त्या क्षणी जिची लहर बरी असेल तिची निवड करतो. हे तत्त्व खरोखर अमलात आणणाऱ्या रिसीव्हरवर ‘ट्रू डायव्हर्सिटी’ असा उल्लेख असतो. स्वस्त संचांत दोन ॲंटेना असूनही आतले सर्किट एकच असू शकते, हे खरेदीपूर्वी पाहावे.

दुसरी तक्रार खरखरीची. दोन ट्रान्समीटर एकाच वेळी आणि जवळजवळ असले की त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळून नव्या वारंवारिता तयार होतात, ज्या कोणीही लावलेल्या नसतात. हिशेब सोपा आहे : एका वारंवारितेची दुप्पट करून त्यातून दुसरी वजा करावी. समजा, गायकांचे दोन माईक ६०६ आणि ६०७ मेगाहर्ट्झवर आहेत. ६०७ ची दुप्पट १२१४, त्यातून ६०६ वजा केले की उरतात ६०८. महाराजांचा माईक नेमका ६०८ वर असेल, तर गायकांचे माईक बंद असेपर्यंत सारे सुरळीत चालते आणि दोघांनी माईक सुरू करताच महाराजांच्या आवाजात घाण येते. माईक समान अंतरावर लावले की व्यवस्थित लावले, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात समान अंतर हीच सर्वांत वाईट रचना आहे. तिसरा माईक ६०८ ऐवजी ६०८.६ वर नेला, तर या तिघांच्या परस्पर मिसळण्यातून होणारी प्रत्येक वारंवारिता वापरातल्या वारंवारितांपासून निदान ०.६ मेगाहर्ट्झ दूर राहते. चौथ्या माईकसाठी हा हिशेब हाताने करत बसण्याचे कारण नाही. उत्पादकांनी रिसीव्हरमध्ये ग्रुप आणि चॅनल अशी रचना दिलेली असते व एका ग्रुपमधले चॅनल परस्परांशी जुळतील असेच निवडलेले असतात. म्हणून चारही माईक एकाच ग्रुपमध्ये, पण वेगवेगळ्या चॅनलवर ठेवावेत. आपले संच ठरावीक वारंवारितेचे, म्हणजे न बदलता येणारे असतील, तरच दुकानदाराकडे जाऊन जुळणारे संच बदलून मागावेत. तेवढ्यापुरता आपला परतीचा प्रश्न रास्त ठरेल.

जुळवणीचा क्रमही महत्त्वाचा आहे. सर्व ट्रान्समीटर बंद ठेवून, मात्र एलईडी पडदा, लाइटिंग, जनरेटर हे सारे चालू करून, रिसीव्हरवर स्कॅन करावे, म्हणजे परिसरात आधीपासून कोणती वारंवारिता व्यापलेली आहे ते कळते. एलईडी पडदे रेडिओ लहरींचा बराच गोंगाट करतात आणि ते बंद असताना केलेले स्कॅन व्यर्थ जाते. रिकामा ग्रुप सापडला की पहिला रिसीव्हर लावून त्याचा ट्रान्समीटर सिंक करावा, म्हणजे त्याच चॅनलवर आणावा, आणि तो चालूच ठेवून दुसऱ्याकडे वळावे. शेवटी चारही माईक एकदम चालू असताना एकेकाची चाचणी घ्यावी. एकेक माईक सुटा सुटा तपासणे ही चाचणी नव्हे.

गेनबाबत, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा याबाबत, थोडक्यात. महाराजांना नुसते ‘हॅलो, हॅलो’ म्हणायला न लावता वरच्या सुरातला एखादा चरण म्हणण्याची विनंती करावी, आणि ट्रान्समीटरचा पीकचा (आवाज मर्यादेला टेकल्याचा) दिवा फक्त सर्वांत चढ्या जागी क्षणभर लागेल इतकाच गेन ठेवावा. मिक्सरवर त्या चॅनलची फँटम पॉवर (मिक्सरकडून माईकला जाणारी वीज) बंद आणि लो कट (खालचे घुमणारे आवाज छाटणारी सोय) चालू असावा. स्क्वेल्चला, म्हणजे लहर क्षीण झाली की रिसीव्हरचा आवाज बंद करणाऱ्या सोयीला, हात लावू नये.

सेलविषयी मात्र थोडक्यात आटोपणार नाही, कारण खेड्यापाड्यांतल्या निम्म्या तक्रारी तेथेच संपतात, असे माझे मत आहे. चांगले अल्कलाइन पेन्सिल सेलच वापरावेत. घड्याळात किंवा रिमोटमध्ये चालणारे साधे स्वस्त सेल ट्रान्समीटरची सततची ओढ सोसत नाहीत आणि दिवा हिरवा दिसत असतानाच एकाएकी बसतात. चार्जिंगचे सेल घेतल्यास लक्षात ठेवावे की अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, तर निकेल मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा असतो. ट्रान्समीटरच्या मेनूमध्ये सेलचा प्रकार निवडण्याची सोय असेल तर तो बदलावा, अन्यथा बॅटरीची पातळी चुकीची दिसते. महाराजांच्या माईकला रोज कीर्तनापूर्वी नवे सेल घालावेत आणि कालचे सेल सूत्रसंचालनाच्या माईकला द्यावेत. जुना आणि नवा अशी जोडी लावू नये. सप्ताह संपल्यावर सेल न विसरता काढून ठेवावेत; आपल्याकडच्या उन्हाळ्यात पेटीत तसेच पडलेले सेल पाझरतात आणि पुढच्या वर्षी ट्रान्समीटरच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर चढलेला आढळतो.

एक सूचना न विचारता करतो. टाळ-मृदंगाच्या गजरात कॉलर माईकपेक्षा गालाजवळ येणारा हेडसेट माईक उजवा. माईक तोंडापासून २० सेंटिमीटरवरून तीन सेंटिमीटरवर आणला की आवाज सुमारे १६ डेसिबलने वाढतो, म्हणजे तितका गेन कमी करता येतो व मागच्या टाळांचा शिरकाव तितकाच घटतो. फेट्यामुळे अडचण होते अशी सबब काही महाराज सांगतात. फेटा बांधण्यापूर्वी हेडसेट चढवला की ती अडचण राहत नाही. घामाचा ओघळ वायरीवरून ट्रान्समीटरमध्ये उतरू नये यासाठी वायरला कमरेजवळ एक सैल फेर द्यावा, आणि ट्रान्समीटरची ॲंटेना उघड्या अंगाला चिकटू देऊ नये किंवा उपरण्यात गुंडाळू नये.

प्रश्न : मी निलंगा तालुक्यातील एका शाळेत शिक्षिका आहे. स्नेहसंमेलनात मुले हँड माईक घेऊन पुढे आली की शिट्टी वाजते. वायरच्या माईकने असे होत नसे. काय करावे? — एक शिक्षिका

उत्तर : शिट्टी वाजण्याचा बिनतारी यंत्रणेशी थेट संबंध नाही. वायर आपोआपच मुलांना स्पीकरच्या मागे रोखून धरत होती. आता ती स्पीकरच्या पुढे येतात, माईक स्पीकरचा आवाज पुन्हा उचलतो आणि तो फिरत फिरत वाढतो. स्पीकर मंचाच्या पुढच्या कडेपेक्षाही थोडे पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवावेत, आणि मुलांना चुन्याची एक रेघ आखून द्यावी. मुले माईकची जाळी मुठीत धरतात, त्याने शिट्टी वाढते, आणि खालचे टोक धरतात, तेथे बहुतेक हँड माईकची ॲंटेना असते. मधला दांडा धरण्याचा सराव रंगीत तालमीतच करून घ्यावा. माईक वापरात नसताना त्याचे बटण मुलांकडून बंद करून घेऊ नये. मिक्सरवर फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली घ्यावा, म्हणजे धप्प असा आवाजही होणार नाही आणि पुढच्या मुलाचा माईक बंदच राहिला, असेही होणार नाही.

प्रश्न : माझा जालना जिल्ह्यात मंडप-साउंडचा व्यवसाय आहे. ७४० ते ७९० मेगाहर्ट्झचे जुने नामांकित संच स्वस्तात मिळत आहेत. घ्यावेत काय? — एक व्यावसायिक

उत्तर : घेऊ नयेत. ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ७०३ ते ७४८ या भागात मोबाइल फोन प्रक्षेपण करतात आणि ७५८ ते ८०३ या भागात टॉवर करतात. या पट्ट्याचा काही भाग केंद्र सरकारच्या २०२२ च्या रेडिओ पट्ट्यांच्या लिलावात रिलायन्स जिओने घेतला आणि त्यावर फाइव्ह-जी सेवा सुरू आहे. म्हणजे आपल्या संचाचा बहुतांश भाग टॉवरच्या किंवा श्रोत्यांच्या खिशातील फोनच्या तोंडी पडणार, शिवाय दुसऱ्याला दिलेल्या पट्ट्यात प्रक्षेपण करणे कायद्यालाही धरून नाही. अमेरिकेत या पट्ट्यातील माईकच्या वापरावर जून २०१० पासूनच बंदी आहे. ६०० मेगाहर्ट्झचा पट्टाही २०२२ च्या लिलावात ठेवला होता. त्यावर बोली लागली नाही, तरी तो पुढे कधी जाणारच नाही असे धरून चालू नये. म्हणून नवा संच घेताना ६०० च्या खालचा पर्याय पाहावा आणि त्या मॉडेलला भारतात दूरसंचार विभागाची मान्यता आहे काय, हे विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्यावे. २.४ गिगाहर्ट्झच्या संचांना परवाना लागत नाही, परंतु वाय-फाय आणि ब्लूटूथ याच पट्ट्यात चालतात. वर्गखोलीत किंवा छोट्या सभागृहात ते ठीक, लग्नाच्या मोठ्या मंडपात त्यांच्यावर विसंबू नये. जुना संच घ्यायचाच झाला तर रिसीव्हरच्या मागचे लेबल स्वतः वाचावे, कारण एकाच मॉडेलचे वेगवेगळ्या पट्ट्यांतले संच बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात.