वेळापत्रक हिरवं, खात्यात खडखडाट

प्रश्न : आमची ४५ जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. प्रोजेक्टचं वेळापत्रक एका टूलमध्ये, माणसांची यादी एचआरच्या एक्सेलमध्ये, हिशेब टॅलीत. आढावा बैठकीत सगळं वेळेवर दिसतं, तरी अधूनमधून पगारासाठी ओव्हरड्राफ्ट उचलावा लागतो. तिन्ही जोडणारं सॉफ्टवेअर घ्यावं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : एवढ्यात नको. आधी तिन्हीकडे प्रोजेक्टचा कोड एकच ठेवा आणि टॅलीत त्याच कोडाचं कॉस्ट सेंटर, म्हणजे त्या प्रोजेक्टच्या खर्चाचा वेगळा कप्पा, उघडा. पगाराची नोंद एकरकमी पडत असेल, तर ती टाइमशीटच्या (कोणी कुठल्या कामाला किती तास दिले, त्या नोंदीच्या) तासांप्रमाणे कोडवार वाटा. नाहीतर कुठलं प्रोजेक्ट पैसा खातंय, ते कळायला वर्षअखेर उजाडते.

मग तासाचा खर्च काढा. बहुतेकांचं गणित इथेच फसतं. वर्षाच्या ६ लाख पगाराला २,०८० तासांनी (५२ आठवडे, दर आठवड्याला ४० तास) भागून २८८ रुपये काढतात आणि त्यावरच कोटेशन देतात. पण ३६५ दिवसांतून १०४ शनिवार-रविवार, १० सुट्ट्या, २१ रजा गेल्या की उरतात २३० दिवस, म्हणजे १,८४० तास. त्यातले ७५ टक्के बिलात लागले तर १,३८०. पीएफ, ग्रॅच्युइटी, लॅपटॉप, जागाभाडं धरून खर्च ७.२ लाखांवर गेला, तर तास पडतो ५२२ रुपयांना!

आता एका शीटवर ओळींत माणसं, रकान्यांत पुढचे १३ आठवडे, चौकटीत कोड आणि तास. ‘१ सीनियर डेव्हलपर’ असं मोघम नको, नाव लिहा. मग एकच आर्किटेक्ट तीन प्रोजेक्टांत मिळून आठवड्याला ७० तास अडकलेला दिसेल. आणि नाव नसलेली जागा? ९० दिवसांच्या नोटीस पिरियडवाला माणूस या १३ आठवड्यांत यायचाच नाही. तारीख पुढे ढकला किंवा कंत्राटी माणूस घ्या.

त्याच आठवड्यांखाली पैसे मांडा. काम संपलं ३० जूनला, ग्राहकाची सही ८ जुलैला, १० लाखांचं बिल ९ जुलैला. मुदत ४५ दिवसांची, म्हणजे पैसे २३ ऑगस्टला. तोवर जून आणि जुलैचे पगार गेले. दरमहा रिटर्न भरत असाल, तर या बिलावरचा १८ टक्के जीएसटी, १ लाख ८० हजार, २० ऑगस्टलाच भरायचा. तुमचा ओव्हरड्राफ्ट बहुधा याच फटीतून येतो. पुढच्या करारात २५ टक्के आगाऊ मागा आणि ‘पाच कामाच्या दिवसांत हरकत न आल्यास काम मान्य’ हे कलम घाला.

शुक्रवारी प्रोजेक्ट, एचआर आणि अकाउंट्स अशा तिघांनी अर्धा तास हीच शीट उघडून बसावं. तारीख सरकली की माणसांच्या आणि पैशांच्या ओळी तिथल्या तिथे सरकवायच्या.