आईचा ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असताना तिला भारतात जाऊन येता येईल का?

नाही. ॲडव्हान्स परोलचा, म्हणजे अर्ज प्रलंबित असताना बाहेर जाऊन परत यायच्या आगाऊ परवानगीचा, कागद हातात पडल्याशिवाय नाही.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: आई बी-२ वर (टुरिस्ट व्हिसावर) अमेरिकेत आल्या, तुम्ही सिटिझन म्हणून आय-१३० (नात्याचा अर्ज) आणि आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) इथूनच एकत्र भरलंत, सोबत आय-१३१ (परोलचा अर्ज) सुद्धा भरलात, पण तो अजून मंजूर नाही. पुण्यात त्यांच्या भाचीचं लग्न आहे. आणि ऑफिसातला मित्र म्हणतो, "माझाही पेंडिंग होता, मी जाऊन आलो, काही होत नाही."

मित्राचं बोलणं डोक्यातून काढून टाका. तो खोटं सांगत नसेल, पण तो एच-१बी वर असणार. एच-१बी आणि एल-१ या नोकरीच्या व्हिसावाल्यांना, आणि एच-४, एल-२ वरच्या त्यांच्या घरच्यांना, नियमातच सूट आहे. व्हिसा वैध असेल आणि परत येऊन त्याच स्टेटसवर राहणार असतील तर ते जाऊन आले तरी त्यांचा ४८५ जिवंत राहतो. टुरिस्ट व्हिसावर आलेल्या आईवडिलांना ही सूट नाही. परोलशिवाय त्या देशाबाहेर पडल्या की अर्ज त्यांनीच सोडून दिला असं धरतात. आय-१३१ नुसता भरून ठेवल्याचा उपयोग शून्य. मंजुरीआधी विमानात बसल्या तर तोही बाद. मागाहून मंजूर झाला आणि तुम्ही कुरिअरने पुण्याला पाठवलात, असंही चालत नाही. "गुपचूप जाऊन आली तर कुणाला कळणार" हा विचारही करू नका, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक विमानाची प्रवासी यादी एअरलाइन सरकारला देते. आणि बाहेर म्हणजे फक्त भारत नव्हे. नायगाऱ्याला नेलंत आणि पूल ओलांडून कॅनडाच्या बाजूने धबधबा दाखवलात तरी ते देश सोडणंच. आईवडील आले की नायगारा ठरलेलाच असतो, म्हणून मुद्दाम लिहिते.

पण तुम्ही प्रश्नाच्या शेवटी एक वाक्य टाकलंय: "एका लग्नासाठी एवढं काय, कार्ड जास्त महत्त्वाचं नाही का?" ते वाचून मला राहवलं नाही. हेच वाक्य, फक्त लग्नाच्या जागी तेरावं, मी माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकलंय.

आम्ही मिरजेचे. बाबा गेल्यावर आई एकटीच राहायची. दादा न्यू जर्सीत, सिटिझन. मी एच-१बी वर, तिथून तासाभराच्या अंतरावर. आई एका उन्हाळ्यात नेहमीसारखी आली आणि दादाने ठरवून टाकलं, आता आलीच आहे तर इथूनच भरून टाकू. मी पहिल्या दिवसापासून विरोधात होते. माझं म्हणणं साधं होतं. आई ठरल्या तारखेला परत जाऊ दे. तू आय-१३० इथून भर. तो मंजूर झाला की कागद एनव्हीसीकडून (व्हिसाचे कागद जमवणाऱ्या अमेरिकेतल्या सरकारी केंद्राकडून) मुंबईला जातील, आईची मुलाखत बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये होईल, आणि व्हिसा घेऊन ती येईल. तोवर ती आपल्या घरात राहील, आपल्या माणसांत. सिटिझनच्या आईवडिलांना रांग नसते, वर्षानुवर्षं थांबायचं नसतं. मग तिला इथे डांबून कशाला ठेवायचं?

दादाचं म्हणणं असं, की डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, पोलीस क्लिअरन्स, मुंबईतली मेडिकल, तारीख मिळाली की मिरजेहून धावपळ, हे सगळं तिला एकटीला झेपणार नाही. इथे मी आहे, गाडीत घालून नेतो. त्याच्या या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं मी आजही म्हणत नाही. पण तो आईला विचारत नव्हता, सांगत होता. आई घराला कुलूप लावून किल्ली शेजारच्या काकूंकडे देऊन आली होती, पावसाळ्याआधी परत जायचं म्हणून. आणि सांगलीला अण्णामामा, तिचा धाकटा भाऊ, डायलिसिसवर होता.

त्यात दादाने आय-१३१ भरलाच नाही. मार्च २०२४ पर्यंत ४८५ च्या १,२२५ डॉलर फीमध्येच परोल आणि वर्क परमिट दोन्ही येत. १ एप्रिल २०२४ पासून ४८५ चेच १,४४० झाले, परोलचे ६३० वेगळे आणि वर्क परमिटचे २६० वेगळे. दादा म्हणाला, आई नोकरी करणार नाही आणि कुठे जाणारही नाही, कशाला भरायचे? त्याचा स्वतःचा ४८५ पेंडिंग असताना तो एच-१बी वर दोनदा मिरजेला येऊन गेला होता, तेव्हा लागलीच गरज तर बघू, असा त्याचा सूर. तुमच्या मित्राचाच सूर. ज्याला सूट मिळाली त्याला सूट होती हे कधी कळतच नाही. तुम्ही १३१ भरलात हे फार चांगलं केलंत. आईवडिलांचा अर्ज भरणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगते, त्या ६३० डॉलरमध्ये काटकसर करू नका.

श्रावणात अण्णामामाला आयसीयूत ठेवलं.

अशा वेळी तातडीच्या परोलची सोय आहे. यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याच्या फोनवर कारण सांगायचं, फील्ड ऑफिसची अपॉइंटमेंट मिळवायची, आणि भरलेला १३१, फी, फोटो, ४८५ ची पावती, नात्याचा पुरावा आणि हॉस्पिटलचं पत्र घेऊन जायचं. हे पत्र म्हणजे काय ते नीट ऐका, कारण तिथेच आमचे दिवस गेले. मामेभावाने पहिल्यांदा पाठवला तो प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर लिहिलेला "पेशंट सीरियस". लेटरहेडवर, तारीख-सही-शिक्क्यासह, पेशंटचं पूर्ण नाव, आजार, प्रकृती गंभीर असल्याचं स्पष्ट वाक्य आणि संपर्काचा नंबर हवा. मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचं सही केलेलं निवेदन हवं. वर आई आणि मामा बहीणभाऊ आहेत हे दाखवायला दोघांच्या कागदांवर वडिलांचं एकच नाव हवं. आईच्या पासपोर्टवर सासरचं नाव, मामाच्या शाळेच्या दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग वेगळं. मामेभाऊ आयसीयूच्या दारातून डॉक्टरच्या केबिनकडे आणि तिथून झेरॉक्सच्या दुकानाकडे पळत होता. आमची फाइल पूर्ण झाली त्या रात्री मामा गेला.

आई म्हणाली, "मला जायचंय. तुमचा तो कागद राहू दे."

दादा म्हणाला, आता जाऊन काय होणार आहे? माणूस गेला. एका तेराव्यासाठी एवढं कशाला, कार्ड जास्त महत्त्वाचं नाही का? सगळं संपेल, पुन्हा कधी येता येणार नाही.

सगळं संपेल हे साफ चुकीचं होतं. मी फॉर्मच्या सूचना वाचल्या होत्या आणि स्वतःचे पैसे भरून एका वकिलाशी बोलले होते. परोलशिवाय गेलं तर बुडतो तो ४८५. मुलाने भरलेला आय-१३० बुडत नाही, तो वेगळा अर्ज आहे आणि नातं काही बदललेलं नसतं. तो मंजूर झाला की आय-८२४ भरून फाइल मुंबईकडे पाठवायला सांगता येते, आणि तिथून इमिग्रंट व्हिसा घेऊन आई येऊ शकते. म्हणजे गेले असते १,४४० डॉलर, इथली मेडिकल, आणि बरेच महिने. जन्माचं कार्ड गेलं नसतं. हे मी दादाला कागद पुढे ठेवून सांगितलं. तो म्हणाला, तू स्वतः एच-१बी वर, मला कायदा शिकवू नकोस. वहिनी मध्ये पडली, आवाज वाढले, आणि आईने पोरांमध्ये भांडण नको म्हणून बॅग परत कपाटावर ठेवली. तेरावं तिने फोनवर पाहिलं, तेही नेट जाऊन येऊन. त्या भावाला तिने लहानपणी कडेवर वागवलं होतं. दर भाऊबीजेला वडापने मिरजेहून सांगलीला जायची, एक वर्ष चुकवलं नव्हतं.

म्हणून "कार्ड महत्त्वाचं" हे ज्याचं माणूस गेलंय त्याने ठरवायचं, स्पॉन्सरने नाही. दादाला वाटतं, कार्ड मिळालं म्हणजे तो बरोबर होता. नव्हता. कार्ड मामा असतानाही मिळालं असतं, नसतानाही मिळालं असतं.

कार्ड आल्यावर आई पहिल्या स्वस्त तिकिटाने मिरजेला गेली आणि आता बहुतेक काळ तिथेच असते. ग्रीन कार्डवाल्याने सलग वर्षभर किंवा जास्त बाहेर राहिलं तर नुसत्या कार्डावर परत येता येत नाही. सहा महिन्यांच्या पुढे गेलं तरी एअरपोर्टवर प्रश्न सुरू होतात. री-एंट्री परमिट काढता येतो, जास्तीत जास्त दोन वर्षांचा, पण तो भरताना माणूस इथे हजर लागतं (फॉर्म तोच, आय-१३१). म्हणजे आधी ती जाता येईना म्हणून अडकली होती, आता आलंच पाहिजे म्हणून अडकलीय. तिला नातवंडांना भेटायला यायचं होतं, राहायला नव्हे. त्यासाठी दहा वर्षांचा बी-२ होताच की, एका खेपेला साधारण सहा महिने मिळतात. दादा म्हणतो, व्हिसा पुढे नाकारला असता तर? आणि पासष्टीनंतर, कार्डावर सलग पाच वर्षं राहिलं की मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) विकत घेता येतं, त्याचं काय? दोन्ही मुद्दे खरे आहेत. ज्यांचे आईवडील खरंच इथे राहणार आहेत त्यांनी जरूर कार्ड काढावं. पण आधी त्यांना एकटं बसवून विचारा, तुम्हाला कुठे राहायचंय? मुलासुनेसमोर विचारलंत तर "तुम्ही म्हणाल तसं" हेच उत्तर येणार.

आता तुमचं लग्न. आजारपण आणि मृत्यूसाठीची तातडीची सोय लग्नाला लागू होईल असं धरून चालू नका. पण तुम्ही १३१ वेळेत भरलाय, तर लवकर निकाल द्या अशी विनंती करता येते. पत्रिका, हॉलची पावती, जायच्या तारखा जोडा. मान्य होईलच असं नाही, म्हणून तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा. आलाच नाही परोल, तर आईंना दोन्ही रस्ते स्पष्ट सांगा: थांबलात तर लग्न चुकेल, गेलात तर हा अर्ज बुडेल, पण मुंबईहून मार्ग उरतो. मग त्या म्हणतील ते करा.

काही गोष्टी राहिल्या. मुंबईच्या रस्त्याने गेलात तर मधल्या काळात त्यांना बी-२ वर भेटीला यायची आशा ठेवू नका, कायम राहायचा अर्ज केलेला असल्यामुळे एअरपोर्टवर अडवू शकतात. आय-८६४ चे, म्हणजे आईंचा भार उचलायच्या तुमच्या हमीपत्राचे, उत्पन्नाचे कागद तिथेही द्यावे लागतील. परोलवर गेल्या तर मूळ कागद हँडबॅगेत हवा आणि त्याची मुदत परतीच्या तारखेपुढची हवी. परतताना त्यांना वेगळ्या खोलीत बसवून विचारपूस करतील, ते नेहमीचंच आहे, आधी सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाहीत. परोल म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे, आणि त्या तिकडे असताना ४८५ नामंजूर झाला तर तो कागद निकामी होतो.

सगळ्यात महत्त्वाचं मी शेवटी लिहितेय, ते आधी वाचा. मी वकील नाही. आईंची आय-९४ ची (इथे किती दिवस राहता येईल त्या नोंदीची) मुदत ४८५ भरण्याआधीच संपली होती का ते बघा. मुदतीनंतर बेकायदा १८० दिवसांहून जास्त राहून माणूस देशाबाहेर पडला तर तीन वर्षांची बंदी लागते, वर्ष किंवा जास्त झालं असेल तर दहा. ४८५ प्रलंबित असतानाचे दिवस यात धरत नाहीत, त्याआधीचे धरतात. परोल घेऊन जाणाऱ्यांना २०१२ सालच्या बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सच्या निकालाने दहा वर्षांच्या बंदीपासून संरक्षण दिलंय. ते प्रकरण भारतातल्याच एका जोडप्याचं होतं, म्हाताऱ्या आईवडिलांना बघायला परोलवर गेलेल्या. पण परोलशिवाय गेलं तर ते संरक्षण नाही, आणि तेव्हा मी वर सांगितलेला मुंबईचा रस्ताही तितकी वर्षं बंद होतो. तेव्हा आय-९४ वरची तारीख आणि ४८५ च्या पावतीवरची तारीख शेजारी ठेवा. मधलं अंतर १८० दिवसांच्या जवळपासही असेल, तर वकिलाला दाखवल्याशिवाय, परोल आला तरी, तिकीट काढू नका.