केंद्रावर कुणी आहे का?

प्रश्न : ताई, आमच्याकडे आजोबांपासून रेडिओ आहे. आता पोराच्या हातात मोबाईल, सुनेच्या हातात मोबाईल. मी एकटाच रेडिओ लावतो, तर बराच वेळ मुंबई-दिल्लीचं सहक्षेपण, म्हणजे तिकडचाच कार्यक्रम आमच्या केंद्रावर. मग यावर आमच्या खिशातला पैसा कशाला घालवायचा? तुम्ही आकाशवाणीत जन्म काढलात. उद्या आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीच्या सगळ्यात वरच्या खुर्चीत तुम्हाला बसवलं तर पहिलं काय कराल? भाषण नको.
(डाळिंब उत्पादक, सांगोला तालुका)

उत्तर : दादा, मला त्या खुर्चीत कुणी बसवणार नाही, म्हणून मोकळेपणानं बोलते. पहिल्याच दिवशी एक यादी मागवीन. केंद्रं किती, ट्रान्समीटर किती, याची नव्हे. ती छापलेली असते. आज रात्री आठ वाजता कोणत्या केंद्रावर निर्णय घेऊ शकेल असा माणूस हजर आहे, याची.

यामागं माझीच एक चूक आहे. नव्वदच्या दशकात मी एका जिल्हा केंद्रावर होते, गाव सांगत नाही. भर पावसात दुपारी ड्युटी रूममधला फोन खणखणला. पलीकडच्या गावचे गुरुजी होते. “पुलावर पाणी चढतंय, एसट्या अलीकडंच थांबवायला सांगा.” डेपोच्या कॅन्टीनमध्ये आमचंच केंद्र लागलेलं असायचं, हे त्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, “कचेरीतून लेखी आल्याशिवाय सांगता येत नाही.” कचेरीची लाइन लागेना. क्यू शीटप्रमाणे, म्हणजे काय कधी लावायचं त्या कागदाप्रमाणे, भावगीतं वाजत राहिली. निरोप आला तेव्हा संध्याकाळचं प्रसारण सुरू झालं होतं आणि दोन एसट्या पुढं निघून गेल्या होत्या. माणसांनी रात्र एका शाळेच्या व्हरांड्यात काढली. दगावलं कुणी नाही. पण “पाणी चढल्याचं गावातून कळवतात, अधिकृत माहिती यायची आहे, जपून जा” एवढं तरी मला बोलता आलं असतं. सुचलंच नाही. विचारून बोलायची सवय इतकी मुरलेली!

म्हणून माझा पहिला आदेश एका पानाचा असेल. पूर, वादळ, आग असली की ड्युटीवरच्या माणसानं स्वतःच्या जबाबदारीवर बोलावं. चांगल्या हेतूनं बोलताना चुकला, तर जाब मी देईन. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरुडवर आलं, तेव्हा खांब आडवे झाले, मोबाईल मुके झाले. अशा वेळी दोन सेलवर चालणारा डबा तेवढा बोलू शकतो. मात्र त्या डब्यात त्या घडीला आपल्या तालुक्याचं काही असायला हवं, मुंबईची गाणी नकोत.

सहक्षेपणाची तुमची तक्रार रास्त आहे. पण त्यामागं नुसता आळस नाही. वर्षानुवर्षं कायम भरती धड झाली नाही, माणसं निवृत्त होत गेली, केंद्रं नैमित्तिक निवेदकांच्या जिवावर चालली. माणूस नसला की बटण दाबून मुंबईला जोडून द्यायचं, याहून सोपं काय? तुमच्या भागात तेल्या रोगानं डाळिंबाच्या बागा जात होत्या, त्या वर्षांत एका फोन-इनमध्ये पाच जणांनी पाठोपाठ एकच प्रश्न विचारला : छाटलेल्या फांद्यांचं काय करायचं? शास्त्रज्ञ फवारणीवर बोलत होते आणि लोकांना फांद्या कुठं जाळायच्या ते हवं होतं. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम मी बदलून टाकला. असा बदल करायला जिल्ह्यात कार्यक्रम अधिकारी लागतो. दिल्लीत बसून ते पाच फोन ऐकू येत नाहीत.

आता पैसा. लहानपणी वडील रेडिओच्या परवान्याचं पुस्तक घेऊन पोस्टात जायचे, वर्षाला पंधरा रुपये भरायचे. नीट लागलं नाही की म्हणायचे, “पैसे भरलेत मी!” तो परवाना ऐंशीच्या दशकात गेला आणि तो रुबाबही गेला. आज पगाराचा मोठा भार सरकारी अनुदानावर आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारनं प्रसारण यंत्रणेच्या ‘बाइंड’ योजनेत २५३९.६१ कोटी रुपये मंजूर केले : एफएमची पोच लोकसंख्येच्या ६८ वरून ८० टक्क्यांवर न्यायची, दुर्गम भागात दूरदर्शनचे आठ लाख सेट-टॉप बॉक्स फुकट वाटायचे. चांगलंच आहे. पण यंत्राला पैसा मिळतो, त्यात बोलणाऱ्याला मिळत नाही, हे माझं जुनं दुखणं. प्रत्येक जिल्हा केंद्राला कार्यक्रमांसाठी स्वतःची रक्कम असावी आणि ती खर्च करायला कुणाची सही मागावी लागू नये.

आणि या सगळ्याच्या मुळाशी स्वायत्तता. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, अंमलात आला १९९७ मध्ये. मधे १९९५ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रसारणाच्या लहरी ही लोकांची मालमत्ता असल्याचं सांगितलं. मुख्य निकाल आपल्या न्या. पी. बी. सावंतांचा. असं असून जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग गुंडाळून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून द्यायचा आदेश निघाला. ओरड झाली, मंत्र्यांनी तो थांबवला. बरं झालं. पण बघा, काढणाराही वर, थांबवणाराही वर. पुणेकर श्रोत्याला आधी कुणी विचारलं? कायद्यात प्रसार भारतीवर देखरेख ठेवायला २२ खासदारांच्या समितीची तरतूद आहे. मंत्रालयाऐवजी त्या समितीपुढं उभं राहायला मिळावं, म्हणून मी पत्रामागून पत्र पाठवीत राहीन. खुर्ची गेली तर जाईल.

प्रश्न : तरुण रेडिओ ऐकतच नाहीत. सगळा जोर ओटीटी आणि पॉडकास्टवर का नको?
(माध्यम शाखेची विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : जोर द्यावाच. ‘वेव्हज’ हे प्रसार भारतीचं ओटीटी २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्यात, इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू झालं. फक्त तिथं टाकणार काय? अहिराणी ओव्या, मालवणी गजाली, वऱ्हाडी श्रुतिका असलेले ध्वनिफितींचे स्पूल मी हाताळले आहेत. डब्यावर पुष्कळदा नुसतं ‘लोकसंगीत, १५ मि.’ असायचं. आवाज कुणाचा, गाव कोणतं, हे ओळखणारी माणसं आज ऐंशीच्या पुढं आहेत. पोरी, तू शिकतेसच तर सुट्टीत अशा एखाद्या आजोबांजवळ वही घेऊन बस. अ‍ॅप नंतरही सुधारता येईल, आजोबा थांबणार नाहीत.

प्रश्न : खासगी एफएमवर बातम्या का नसतात?
(रिक्षाचालक, नाशिक)

उत्तर : त्यांना स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही. आकाशवाणीच्या तेवढ्या जशाच्या तशा लावता येतात. म्हणजे तुमच्या रिक्षातल्या रेडिओवर बातमी सांगणारं दुकान एकच. माझ्या हातात असतं तर ही बंदी उठवा म्हणून मीच सरकारला लिहिलं असतं. वृत्त विभागातले माझे जुने सहकारी हे वाचून फोन करतील, शिव्याही घालतील. घालू देत. शेजारी दुसरं दुकान उघडलं असतं, तर विरोधी पक्षाच्या सभेची बातमी आमच्याकडूनही जरा लवकर वाचली गेली असती.