‘अपीझमेंट’ला बोटचेपेपणा म्हणावं का?

नाशिकच्या एका महाविद्यालयातल्या राज्यशास्त्राच्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिचा गट शहरात आणि सटाणा-कळवण भागात फिरून लोकांची मतं विचारणार आहे: एखादं बलाढ्य राष्ट्र शेजाऱ्याला चढाईची धमकी देत असेल, तर त्या शेजाऱ्याने आणि बाकीच्या जगाने काय करावं? इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणताना गटाने ‘अपीझमेंट’साठी, म्हणजे धमकावणाऱ्याला हवं ते देऊन शांत करण्याच्या धोरणासाठी, ‘बोटचेपे धोरण’ लिहिलं. सरांनी ते खोडून ‘अनुनय’ केलं. बरोबर कोणतं? जोडीला ‘आक्रमण’ लिहावं की ‘अतिक्रमण’, हेही विचारलं आहे.

सोपं आधी उरकतो. दोन्ही शब्दांत धातू एकच, ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणं. आक्रमण म्हणजे अंगावर चालून येणं, अतिक्रमण म्हणजे आखलेली रेषा ओलांडून पलीकडे पाय टाकणं. (पराक्रम, उपक्रम, संक्रमण ही सगळी याच पावलाची भावंडं.) व्युत्पत्तीने पाहिलं तर सीमेबाबत अतिक्रमणही चुकीचं नाही. पण मेनरोडवर उभं राहून ‘अतिक्रमण’ म्हणा, हातगाडीवाला आधी महापालिकेची गाडी येतेय का ते बघेल. खेड्यात त्याच शब्दाने बांध कोरणारा शेजारी आठवतो. प्रश्नावलीत ‘आक्रमण’च ठेवा.

‘चढाई’ही चालेल, फक्त तरुण पोरांच्या डोक्यात आधी कबड्डी येते. ‘घुसखोरी’ निराळी. तिच्यात चोरून शिरणं आहे, म्हणून १९९९च्या कारगिलला आपण घुसखोरी म्हणतो आणि १९६२च्या चीनला आक्रमण. ‘परचक्र’ हा जुना, भारदस्त शब्द परक्या फौजेच्या संकटासाठी नेमका आहे, पण आता तो कीर्तनात आणि इतिहासाच्या पुस्तकांतच उरलाय. दारोदार विचारायच्या प्रश्नात नको. ‘मोहीम’ तर मुळीच नको. पल्स पोलिओची मोहीम, स्वच्छता मोहीम असं म्हणून म्हणून आपण त्या शब्दाची धार घालवली आहे. रशियाने फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनवर केलेल्या आक्रमणाला ‘विशेष लष्करी मोहीम’ हेच नाव लावलं, ते उगीच नाही.

आता मुख्य शब्द. ‘बोटचेपा’ म्हणजे बोटाने चेपलं की चेपणारा. पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटमध्ये हात घालून व्यापारी एखादं फळ अंगठ्याने दाबून बघतो. जे दबतं ते लांबच्या गाडीत भरत नाहीत. शब्दातच निकाल लागलेला आहे: माल नरम आहे. मग ‘लहान राष्ट्राने बोटचेपे धोरण स्वीकारावे का?’ याला ‘हो’ कोण म्हणणार? असा प्रश्न मत विचारत नाही, उत्तर हातात ठेवतो. ‘लांगूलचालन’ त्याहून वाईट. लांगूल म्हणजे शेपूट.

सरांचा ‘अनुनय’ अभ्यासाच्या पुस्तकांत चालतो, परीक्षेत तोच लिहावा. पण त्यालाही दोन अडचणी आहेत. संस्कृत काव्यात अनुनय करतो तो रुसलेल्या नायिकेपुढे हात जोडणारा नायक, म्हणजे समजूत काढणाऱ्याकडे कमीपणा आधीच आला. दुसरी अडचण आजची. वर्तमानपत्रांनी ‘अनुनय’ आणि ‘तुष्टीकरण’ हे दोन्ही शब्द देशांतर्गत राजकारणात, मतांसाठी एखाद्या समाजाला खूश करण्याच्या आरोपात, इतके वापरले की ऐकणाऱ्याला परराष्ट्र दिसतच नाही. तो त्याच्या पक्षाचं उत्तर देईल.

गंमत अशी, की इंग्रजी शब्दही मुळात शिवी नव्हता. शांत करणं, भडकलेल्याला निववणं एवढाच त्याचा अर्थ. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान चेंबरलेन तो शब्द अभिमानाने वापरत. सप्टेंबर १९३८मध्ये म्युनिकला ब्रिटन, फ्रान्स, इटली आणि जर्मनी यांनी बसून चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन प्रदेश हिटलरला देऊन टाकला. ज्याचा प्रदेश जाणार होता त्याला बैठकीत खुर्चीसुद्धा नव्हती. लंडनला परतलेल्या चेंबरलेनचं गर्दीने स्वागत केलं. १५ मार्च १९३९ला जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि शब्द नासला तो नासलाच. त्या मूळ छटेला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द ‘चुचकारणं’ आहे असं मला वाटतं. बिथरलेल्या बैलाला आपण चुचकारतो. पण तिथे कासरा आपल्या हातात असतो आणि म्युनिकला तो नव्हता, म्हणून तेवढ्यापुरता तोही कमी पडतो.

आपल्याकडचं उलट उदाहरण घ्या. १६६५च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी २३ किल्ले आणि चार लाख होन उत्पन्नाचा मुलूख दिला, स्वतःकडे १२ किल्ले ठेवले. आकड्यांत बघितलं तर देणं जबर होतं. पण त्याला बोटचेपेपणा कुणी म्हणत नाही, ‘तह’ म्हणतात, कारण १६७०पासून गेलेले किल्ले परत येऊ लागले, १६७१ला आपल्या बागलाणातला साल्हेर घेतला आणि १६७२ला त्याच्या पायथ्याशी उघड्या मैदानात मोगलांना हरवलं. दहा वर्षांनी इथून हाकेवरचा रामशेज औरंगजेबाच्या फौजांशी वर्षानुवर्षं झुंजला, त्याला ‘झुंज’ म्हणतात. म्हणजे तह, माघार, पड खाणं, सबुरी, शरणागती यांतलं नाव आपण पुढचं बघून देतो. धमकी चालू असताना लोकांना विचारायचं, तेव्हा पुढचं कुणालाच माहीत नसतं. म्हणून धोरणाचं नावच प्रश्नात घालू नये. कोण, काय देणार, कशाच्या बदल्यात, एवढं साध्या क्रियापदात लिहावं:

‘शेजारच्या मोठ्या देशाने हल्ल्याची धमकी दिली आहे. सीमेवरचा काही भाग दिला तर हल्ला करणार नाही असे तो म्हणतो. लहान देशाने तो भाग द्यावा, की देऊ नये?’

‘की देऊ नये’ हे शेपूट गाळू नका. ‘द्यावा का?’ एवढंच विचारलं तर समोरचा पाहुण्याचं मन राखावं तसं ‘हो’ म्हणून मोकळा होतो. ‘देऊ नये असे आपल्याला वाटत नाही का?’ हे तर तुमच्या मसुद्यातल्या सातव्या प्रश्नातलं जसंच्या तसं वाक्य. याला ‘हो’ म्हटलं तर द्यावा की देऊ नये? ‘हो, वाटतं ना’ आणि ‘हो, नाही वाटत’ अशी दोन्ही उत्तरं मराठीत सरळ येतात आणि रकाना एकच असतो.

दुसऱ्या बाजूचे शब्दही तितकेच पक्षपाती आहेत, त्यांच्याकडे सहसा लक्ष जात नाही. ‘चोख प्रत्युत्तर’, ‘धडा शिकवणे’, ‘जशास तसे’. चोख नको असं कोण म्हणेल? त्याऐवजी ‘सैन्य पाठवावे’, ‘शस्त्रे द्यावीत’, ‘व्यापार बंद करावा’ असं एकेक वेगळं विचारा. नुसतं ‘मदत करावी का’ विचारलं तर एक जण धान्याची पोती समजतो, दुसरा रणगाडे.

वेगळं विचारल्याने काय होतं, ते १९३४-३५ साली ब्रिटनमध्ये दिसलं. स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन एक कोटीहून जास्त लोकांची मतं घेतली. पाचवा प्रश्न साधारण असा होता: एखादं राष्ट्र दुसऱ्यावर हल्ला करण्याचा हट्टच धरून बसलं, तर बाकीच्यांनी एकत्र येऊन त्याला थांबायला भाग पाडावं का, (अ) आर्थिक आणि बिगरलष्करी उपायांनी, (ब) गरज पडल्यास लष्करी उपायांनी? पहिल्याला एक कोटीच्या वर होकार मिळाले. दुसऱ्याला सुमारे ६८ लाख होकार, २३ लाखांवर नकार, आणि बरेच जण गप्प राहिले. गप्प राहिलेले सोडले तर होकार नकाराच्या जवळजवळ तिप्पट होते. पण त्या उपक्रमाचं बोलीतलं नाव ‘शांतता मतदान’ पडलं आणि लोक लढायलाच तयार नव्हते असा अर्थ बरेच जण आजही काढतात. शीर्षकाने आकडे गिळले.

‘गरज पडल्यास’ हे दोन शब्दही बघून ठेवा. ते काढले की होकार घटतील, कारण ‘गरज’ कुणी ठरवायची हे ऐकणारा आपल्या सोयीने भरून घेतो. ठेवायचे तर दोन्ही बाजूंना ठेवा.

आता ‘आपण’. प्रश्नावलीत याच्याइतका घातकी शब्द नाही. ‘आपण लढावे का?’ म्हणजे तुम्ही आणि मी मिळून, की आदरार्थी ‘आपण’, म्हणजे फक्त समोरचे काका? पंचवटीतले सत्तरीचे गृहस्थ ‘या वयात मी काय लढणार’ म्हणून नकार देतील आणि तुम्ही त्यांना शांततावादी म्हणून मोजाल. व्यक्तीला विचारायचं तर ‘तुम्ही स्वतः’, देशाला उद्देशून असेल तर ‘भारताने’. ‘लढणे’सुद्धा मोकळं सोडू नका. जागतिक मूल्य सर्वेक्षणात ‘युद्ध होऊ नये अशी आशा आहेच, पण वेळ आलीच तर देशासाठी लढायची तयारी आहे का’ अशा अर्थाचा प्रश्न वर्षानुवर्षं विचारतात. मराठीत माणूस कोर्टात लढतो, आजाराशी लढतो, निवडणूकही लढवतो. ‘हातात शस्त्र घेऊन’ एवढे तीन शब्द वाढवा.

जाता जाता: युद्धाकडे झुकणारा तो ‘हॉक’ आणि शांततेकडे झुकणारा तो ‘डव्ह’, या इंग्रजी शब्दांचे ससाणा-कबूतर करू नका, आपले जहाल-मवाळ आहेत.

छापण्याआधी दहा-बारा जणांना प्रश्न मोठ्याने वाचून दाखवा आणि उत्तर न विचारता ‘मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणा. त्यात निम्मे सटाणा-कळवणकडचे, घरात अहिराणी बोलणारे घ्या. तिघांनी वेगळंच सांगितलं तर प्रश्न बदला, माणसं नाही. एखाद्या शब्दावर गटात एकमत होत नसेल तर अर्ध्या प्रतींत एक आणि अर्ध्यांत दुसरा छापा. प्रती पत्त्यांसारख्या पिसून वाटा. एक नमुना नाशिकरोडला आणि दुसरा कळवणला गेला तर फरक शब्दाचा की गावाचा ते कळणार नाही. ‘सांगता येत नाही’ आणि ‘सांगायचं नाही’ हे दोन वेगळे रकाने ठेवा.

शीर्षकात तुम्ही ‘नाशिककरांचा कौल’ लिहिलं आहे. कौल म्हणजे दिलेला शब्द, लागलेला निकाल. म्हणून मतदारांचा कौल असतो, देवाचा कौल असतो. चारशे जणांना विचारून कौल लागत नाही. ‘लोकमत’ लिहाल तर इथे निम्मे लोक वर्तमानपत्र समजतील. ‘चारशे नाशिककरांना काय वाटतं’ असं लिहा.