फेब्रुवारीअखेर गच्चीवर काय लावावं? दुधीची बारकी फळं पिवळी पडून का गळतात?

तुम्ही लिहिलंय की गेल्या फेब्रुवारीत पुण्यात गच्चीवर टोमॅटो, फ्लॉवर, दुधी आणि पेटुनिया लावलात. टोमॅटोची फुलं गळून गेली, फ्लॉवरचा गड्डा धरलाच नाही, पेटुनिया एप्रिलमध्ये करपला आणि दुधीची बोटाएवढी फळं पिवळी पडून गळाली. मीही पुण्यातच बारा वर्षं गच्चीवर बाग करतेय आणि पहिली दोन वर्षं माझंही अगदी असंच झालं. यात तुमच्या हाताचा दोष नाही. यातल्या तीन गोष्टी थंडीच्या होत्या. दुधीची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे नंतर येते.

आपल्याकडे पळस-पांगारा फुलला की महिन्याभरात पारा पस्तिशीच्या पुढे जातो. तेवढ्या उन्हात टोमॅटोची फुलं फळ धरत नाहीत, त्यामुळे टोमॅटो ऑक्टोबरसाठी राखून ठेवा. आत्ता उन्हाला न घाबरणारं लावा: भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, दुधी आणि लाल माठ. यांचं बी थेट कुंडीत टोचायचं. वेलवर्गीय रोपांची मुळं हलवलेली त्यांना आवडत नाहीत.

भेंडीचं बी रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी पेरा. रंगाच्या वीस लिटरच्या बादलीत दोन रोपं पुरेत आणि चौघांच्या घराला अशा सहा-सात बादल्या हव्यात, नाहीतर एका वेळच्या भाजीपुरतीही भेंडी एकदम निघत नाही. पन्नासेक दिवसांत तोडा सुरू होतो, मग एक दिवसाआड तोडायचीच, नाहीतर ती जून होते आणि झाडही नवी फुलं कमी काढतं. पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो केवडा रोग, पांढऱ्या माशीमुळे पसरणारा. असं झाड वाचत नाही, उपटून टाका. ‘परभणी क्रांती’ हे वाण या रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाही, म्हणून मी तेच आणते. काकडीत राहुरीच्या कृषी विद्यापीठाची ‘हिमांगी’ लावून बघा, पांढरी आणि कोवळी असते.

आता दुधी. एकाच वेलावर नर आणि मादी अशी दोन प्रकारची फुलं येतात. मादी फुलाच्या खाली इवलासा दुधी असतो, नर फुलाला नुसता लांब देठ. परागकण पोचले नाहीत तर तो इवला दुधी पिवळा पडून गळतो. तुम्ही सकाळी हाताने परागीकरण केलंत तरी उपयोग झाला नाही, कारण दुधीचं पांढरं फूल उमलतं संध्याकाळी! दोडक्याचंही तसंच. रात्रीचे पतंग ही कामगिरी करतात आणि शहरात गच्चीपर्यंत ते फारसे पोचत नाहीत. हे मला आईने सांगितलं. तिच्या माहेरी परसात दोडक्याचा मांडव होता आणि दिवेलागणीला तो पिवळ्या फुलांनी भरायचा. संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि आतला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. दोन-तीन दिवसांत फळ फुगलेलं दिसलं की समजा धरलं. काकडीचं फूल मात्र सकाळचं, आणि तिथे मधमाश्या काम करतात.

दुधीला निदान चाळीस-पन्नास लिटरचा ड्रम हवा. वेलाला सात-आठ पानं झाली की शेंडा खुडा. फुटवे येतात आणि मादी फुलं जास्त करून फुटव्यांवरच येतात.

मधमाश्यांसाठी भाज्यांच्या मध्ये झिनिया आणि झेंडू पेरा. ऑफिसटाइम (पोर्टुलाका) आणि सदाफुली तर भर उन्हात फुलतात. मोगऱ्याला कळ्या नाहीत म्हणालात. त्याची आत्ताच छाटणी करा, कारण कळ्या नव्या फुटीवर येतात. आधी आठवडाभर पाणी तोडून ताण द्या, मग एक तृतीयांश छाटा, उरलेली पानंही काढून टाका, दोन मुठी शेणखत घाला आणि पाणी सुरू करा. कुंडी जिथे सर्वात जास्त ऊन येतं तिथे ठेवा. मोगरा सावलीत नुसता पानं वाढवतो.

पाण्याबद्दल एकच आग्रह: सकाळी आठच्या आत. दुपारी पाइपमधलं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं असतं, ते मुळांवर ओतू नका. मातीवर चार बोटं आच्छादन टाका. मी आमच्या रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं आणते. ती दोन-तीन दिवस कडक वाळवूनच वापरायची, ओली टाकली तर मुंग्या लागतात. सध्या रस्त्यावर पानगळही भरपूर आहे, पोतं घेऊन जा.

एप्रिल लागला की दुपारच्या उन्हाच्या बाजूला हिरवी जाळी बांधा, पण मोगरा आणि भेंडी तिच्या बाहेर ठेवा. आणि दुधीचं बी याच आठवड्यात टोचा. फूल यायला दीडेक महिना लागेल, तेव्हा संध्याकाळी वर जाऊन बघा आणि फळ धरलं का ते इथे कळवा.