भाव ठरलाच नव्हता, मग लेथचे किती घ्यायचे?

प्रश्न : माझे यजमान कातारी होते. खानापूर तालुक्यात घरामागच्या शेडमध्ये पलंगाचे पाय, झोपाळ्याचे खांब, लाटणी करायचे. ते गेल्यावर ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांची लाकूड कातायची लेथ (लाकूड फिरवून गोल कोरायचं मशीन) त्यांच्या ओळखीच्या, चंदगड तालुक्यातल्या एका सुताराला दिली. "वहिनी, भावाचं नंदगडचे मिस्त्री सांगतील तसं करूया की," असं ते म्हणाले, तसा व्हॉट्सअॅपवर मेसेजही केला. 10,000 रुपये दिले आणि मशीन व चक (लाकूड पकडून फिरवणारा भाग) टेंपोत घालून नेलं. मिस्त्री दोनदा बघायला गेले, दोन्ही वेळा त्यांना "आज जमत नाही" म्हणून परत लावलं. मिस्त्रींनी कंटाळून अंग काढून घेतलं. आता सुतार म्हणतात, सगळे मिळून 18,000 देतो. लेथ 2013 साली 32,000 ला घेतलेली. तशीच नवी आज 68,000 ला पडते असं दुकानदार सांगतो, म्हणून मी 60,000 मागते. बेअरिंगचा थोडा आवाज यायचा, ते मी त्यांना बोलले नव्हते. मशीन परत उचलून आणू का? घरी सासूबाई आहेत, मुलगा गोव्यात नोकरीला, मुलगी बारावीला आहे.

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मशीन उचलून आणायला जाऊ नका. मुलाला तर मुळीच पाठवू नका. आज हा साधा दिवाणी वाद आहे आणि त्यात तुमची बाजू बरी आहे. शेडचं कुलूप तोडलं की फिर्यादी ते होतील आणि तुम्ही आरोपी.

तुमच्या व्यवहाराला माल विक्री कायदा, 1930 लागू होतो. तो केंद्राचा कायदा आहे, त्यामुळे तुम्ही कर्नाटकात आणि सुतार महाराष्ट्रात असले तरी दोघांना नियम एकच. भाव तिसऱ्या माणसाने ठरवायचा, असं ठरलेल्या व्यवहारासाठी त्यात कलम 10 आहे. तिसऱ्याने भाव ठरवला नाही किंवा त्याला ठरवता आला नाही, तर करार संपतो. पण माल घेणाऱ्याच्या ताब्यात जाऊन त्याने तो वापरायला घेतला असेल, तर त्याला वाजवी किंमत द्यावीच लागते. सुतारांनी लेथ नेली, तिच्यावर काम करतात, म्हणजे "ठरलंच नव्हतं, मी म्हणेन तेवढे घ्या" हे त्यांना म्हणता येत नाही. तुम्हालाही "मी म्हणते तेवढे द्या" असं म्हणता येत नाही, हेही लक्षात घ्या.

याच कलमाचा दुसरा भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. एका पक्षाच्या चुकीमुळे तिसऱ्या माणसाला मोल करता आलं नाही, तर दुसरा पक्ष त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा करू शकतो. मिस्त्रींना दोनदा दारातून परत लावलं, ही माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ आहे. मिस्त्रींना भेटा. भाव सांगा म्हणून गळ घालू नका. कोणत्या तारखांना गेले, काय उत्तर मिळालं, एवढंच त्यांनी कागदावर लिहून सही करावी. त्यांनी ही लेथ पूर्वी कधी दुरुस्त केली असेल तर तेव्हाची तिची अवस्थाही लिहून घ्या.

आता वाजवी म्हणजे किती? कायदा आकडा देत नाही. कलम 9 एवढंच म्हणतं की वाजवी काय हे त्या त्या परिस्थितीवर ठरतं. म्हणजे ते पुराव्याने दाखवावं लागतं. आणि दाखवायचं ते मशीन दिलं त्या दिवशीचं मोल. आज ते कसं चालतं, याला फारसा अर्थ नाही.

18,000 चा हिशेब सुतारांनी कसा काढला माहीत नाही, पण कोर्टात ते बहुधा घसारा, म्हणजे वापराने वर्षागणिक घटणारी किंमत, पुढे करतील. आयकरात यंत्रावर वर्षाला 15 टक्के घसारा धरतात. त्या दराने 11 वर्षांत 32,000 चे साधारण 5,350 उरतात. तेव्हा 18,000 म्हणजे उपकारच, असं ऐकायला मिळेल. ऐकून घ्या आणि सोडून द्या. तो दर कर मोजायला आहे. बिडाचा बेड, म्हणजे मशीनची खालची बैठक, कॅलेंडर बघून झिजत नाही.

पण तुमचे 60,000 ही टिकणार नाहीत. नव्याला 68,000 पडत असतील तर अकरा वर्षं राबलेल्या मशीनला 60,000 कोण देईल? यजमानांच्या हाताखालची वस्तू आहे, तिचं मोल तुमच्या लेखी वेगळं, ते मला कळतं. कोर्टाला त्याची किंमत लावता येत नाही.

नव्या मशीनचा भाव हे वरचं टोक, बिडाची भंगार किंमत हे खालचं. मधलं अंतर मशीनची अवस्था ठरवते. बेड बिडाचा आहे की चॅनल जोडून केलेला? दोन सेंटरमध्ये (लाकूड धरणाऱ्या दोन टोकांमध्ये) किती लांबीचं लाकूड बसतं? पलंगाचे पाय आणि झोपाळ्याचे खांब होत होते, म्हणजे बेड लांब असणार, आणि अशा लेथला सुतारांमध्ये मागणी असते. टेलस्टॉक (लाकडाचं दुसरं टोक धरणारा सरकता भाग) पुढे आणला की दोन्ही टोकं समोरासमोर भिडतात का? स्पिंडल (लाकूड फिरवणारा दांडा) हाताने वर उचलून पाहिला तर हलतो का? मोटर किती हॉर्सपॉवरची आहे, कधी रिवाइंड केली (आतली तार नव्याने भरली) आहे का? चक चांगल्या स्थितीत असेल तर त्याचे वेगळे पैसे धरायचे, कारण नव्या मशीनच्या भावात तो बऱ्याचदा नसतो. दुकानदाराच्या 68,000 मध्ये चक होता की नाही, ते विचारून त्याचं कोटेशन लेखी घ्या. बेळगावात उद्यमबागला मशीनची दुरुस्ती करणारे आहेत. मशीन दिलं त्याआधीचे फोटो, चालू असतानाचा एखादा व्हिडिओ घेऊन त्यांच्यापैकी एखाद्या अनुभवी फिटरकडे जा, अंदाज लेखी मागा आणि तोच माणूस साक्षीला येईल का, तेही विचारून ठेवा.

बेअरिंगचं विचारलंत ते बरं केलंत. नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक होत नाही. सुतार जाणकार आहेत, मशीन चालवून बघू शकत होते, जुन्या वस्तूत तपासून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर असते. मात्र त्यांनी थेट विचारलं असेल आणि तुम्ही "काही नाही" म्हणाला असाल, तर गोष्ट वेगळी. तसं असेल तर मला नक्की कळवा. आणि फसवणूक नसली तरी बेअरिंग बदलायचा खर्च वाजवी किमतीतून वजा करावाच लागेल. तो स्वतःहून वजा करून मागणी करा. बाकीच्या आकड्यांवर मग विश्वास बसतो. मशीन न बघता बोलतोय, पण तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून एकूण 35 ते 40 हजारांच्या आसपास तुम्ही यावं असं मला वाटतं. त्यातून 10,000 वजा.

एक अडचण तुमच्याच घरात आहे. मृत्युपत्र नसेल आणि हिंदू वारसा कायदा लागू असेल तर लेथ एकट्या तुमची नव्हती. पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई असे चौघे सारखे वारस. सासूबाई आणि मुलगा यांचं संमतीपत्र आत्ताच करून ठेवा. मुलगी अठराच्या आत असेल तर तिच्या वतीने तुम्ही सही करू शकता, पण तिच्या वाट्याचे पैसे तिच्या नावावर ठेवा.

यानंतर वकिलामार्फत नोटीस. व्हॉट्सअॅपचा मेसेज पुसू नका, फोन बदलू नका. तो पुराव्यात आणताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र जोडावं लागतं. मशीन तुमच्या दारातून दिलं, त्यामुळे दावा खानापूरलाच लावता येतो. हुकूमनामा (दाव्यातला कोर्टाचा निर्णय) झाला की अंमलबजावणीसाठी तो सुतारांच्या बाजूच्या न्यायालयाकडे पाठवता येतो. मराठी कागद चालतात, सोबत भाषांतर द्यावं लागेल. मुदत मशीन दिल्यापासून तीन वर्षं, म्हणजे ऑक्टोबर 2027.

मी मात्र आधी खानापूर न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जाईन. स्त्री म्हणून तुम्हाला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. दावा न लावता प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. तडजोड झाली तर तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच, आणि त्यावर अपील नाही. 25-30 हजारांसाठी वर्षानुवर्षं तारखा घेण्यापेक्षा सुतारांनाही ते परवडेल.

जाताना, लेथवर लाकूड कोरायच्या पटाश्यांचं. तुमच्या पत्राप्रमाणे गेले ते मशीन आणि चक. पटाश्या घरीच राहिल्या असतील तर त्या व्यवहारात नव्हत्या. तडजोडीत "त्या पण द्या" असं सुतार म्हणतील, तेव्हा त्यांचा भाव वेगळा लावा, नाहीतर घरीच राहू द्या.